दगडातील वन आणि दोघांचे व्रत : बिरबल व सावित्री साहनी



स्मृतिव्याख्यानासाठी उभे राहणाऱ्याने प्रथम स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा. माणूस गेल्यानंतर त्याची स्मृती राहते, म्हणजे नेमके काय राहते? तसबीर राहते, नावाची पाटी राहते, वर्षातून एकदा हार घातला जातो. परंतु तो माणूस ज्या कामासाठी जगला ते काम जर थांबले असेल, तर तसबिरीखालचा दिवा कितीही तेवला तरी त्याला स्मृती म्हणता येईल का? आज मी ज्या दांपत्याचा इतिहास आपणापुढे मांडणार आहे, त्यांच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर मिळते, असे मला वाटते. हे दांपत्य म्हणजे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि त्यांच्या पत्नी सावित्री साहनी. दोघांचा संसार लखनौचा, मूळ पंजाबचे. तेव्हा भोपाळच्या मराठी मंडळींपुढे त्यांची कथा का, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. त्या शंकेचे निरसन आपल्या पायाखालची जमीनच करील.

भोपाळ शहर दोन जुन्या भूमींच्या सीमेवर वसले आहे. आपल्या टेकड्यांचा तांबूस दगड हा विंध्य वालुकाश्म. तो इतका प्राचीन की, त्या काळी पृथ्वीवर झाडे नव्हती, पशुपक्षीही नव्हते. येथून माळव्याकडे निघालो की काळी जमीन लागते. तिच्या तळाशी काळा पत्थर, म्हणजेच बेसाल्ट आहे. भूगर्भातील लाव्हा भेगांतून वर आला, थरावर थर पसरले आणि ते थिजून हे पठार बनले. शास्त्रज्ञ त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. सह्याद्रीचे कडे याच दगडाचे, वेरूळची लेणी याच दगडात कोरलेली, आणि छिंदवाडा व मंडला भागांतील टेकड्याही याच दगडाच्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि अनेक मराठी सरकारी कुटुंबे भोपाळला आली. राज्यांच्या सीमा बदलल्या. दगडाने मात्र महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांना पूर्वीपासूनच एकत्र बांधून ठेवले होते.

लाव्ह्याचे हे थर एकाच वेळी आलेले नाहीत. एक थर थिजल्यावर पुढचा येईपर्यंत कधी कधी हजारो वर्षांची उसंत मिळे. त्या उसंतीत खोलगट जागी पाणी साचे, तळी होत, काठावर झाडे उगवत, पाण्यात गोगलगायी आणि मासे नांदत. मग पुन्हा लाव्हा येई आणि सारे झाकून टाकी. दोन थरांमध्ये सापडलेल्या या गाळाच्या पट्ट्यांना भूशास्त्रात आंतरट्रॅपी थर म्हणतात. त्या तळ्यांच्या पाण्यात सिलिका विरघळलेली होती. ती झाडाच्या खोडात, फळात, बियांत पेशीपेशीतून शिरली आणि लाकडाचा गारगोटीसारखा कठीण दगड झाला. मात्र पेशींची रचना मोडली नाही. म्हणूनच अशा दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडाची एकेक पेशी मोजता येते. बांधावर पडलेली गार म्हणून शेतकरी जो दगड बाजूला टाकतो, त्यात कधी कधी एक संपूर्ण वन मिटलेले असते.

या वनाचा शोध साहनींच्या आधी सुरू झाला होता. माल्कमसन यांनी १८३७ च्या सुमारास या थरांतील जीवाश्मांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्यानंतर नागपुरात स्टीफन हिस्लॉप आले. धर्मप्रसारासाठी १८४५ मध्ये आलेल्या या स्कॉटिश गृहस्थांनी शाळा काढली, मराठी आत्मसात केली आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूरच्या आसपासचे रान पालथे घातले. १८६० मध्ये त्यांनी लंडनच्या भूशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात या थरांतील जीवाश्मांविषयी विस्तृत निबंध लिहिला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत असता बोरी नदीच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांच्या पश्चात विषय संपला नाही. तथापि या वनस्पतींचा सूक्ष्मदर्शकाने कसून अभ्यास व्हावयास पुढे सत्तर वर्षे जावी लागली. तो अभ्यास करणारे गृहस्थ म्हणजे बिरबल साहनी.

बिरबल साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. वडील रुचिराम साहनी हे लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि समाजसुधारणेचे कार्यकर्ते होते. मुलांना घेऊन हिमालयात पायी भटकणे हा त्यांच्या घरच्या शिक्षणाचाच एक भाग होता. बिरबल १९११ मध्ये केंब्रिजला गेले, तेथे सीवर्ड या थोर पुरावनस्पतिशास्त्रज्ञाचे शिष्य झाले, आणि १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन स्वदेशी परतले. बनारस व लाहोर येथे थोडा काळ शिकवून १९२१ मध्ये ते नव्याने स्थापन झालेल्या लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रमुख झाले. पांढऱ्या खादीचा पोशाख आणि तितकाच स्वच्छ व्यवहार ही त्यांची ओळख होती.

लखनौला येण्याच्या आदल्याच वर्षी, १९२० मध्ये, त्यांचा विवाह सावित्री सुरी यांच्याशी झाला होता. सावित्रीबाईंचे वडील सुंदरदास सुरी हे पंजाबात शाळांचे निरीक्षक होते. म्हणजे एक घर प्राध्यापकाचे आणि दुसरे शिक्षणाधिकाऱ्याचे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अशा घरची सून विद्वान पतीचे घर सांभाळी, पाहुण्यांचे आदरातिथ्य करी आणि पती दौऱ्यावर गेला की त्याच्या पत्राची वाट पाही. सावित्रीबाईंनी हा रिवाज थोडा निराळा केला. त्या पतीबरोबर दौऱ्यावर निघाल्या. साहनींच्या देशातील आणि परदेशातील बहुतेक प्रवासांत त्या सोबत असत, आणि छायाचित्रे व रेखाटने यांच्या कामात हातभार लावीत, अशी नोंद त्यांच्या चरित्रकारांनी केली आहे.

हा हातभार किती मोलाचा, हे कळण्यासाठी भूशास्त्रज्ञाची फिरस्ती कशी असे ते थोडे समजून घेतले पाहिजे. आपल्या देशात १८५१ पासून, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झाले तेव्हापासून, क्षेत्रकार्याचा हंगाम ठरलेला आहे. पावसाळा सरला, वाटा वाळल्या की निघावयाचे आणि ऊन असह्य होईपर्यंत रानात राहावयाचे. रेल्वे नेईल तेथपर्यंत रेल्वेने, पुढे बैलगाडीने, आणि जेथे बैलगाडीही थकते तेथे पायी. मुक्काम डाकबंगल्यात, नाही तर तंबूत. सामान म्हणजे हातोडा, छिन्नी, होकायंत्र, नकाशा, भिंग, जुनी वर्तमानपत्रे आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे. या चिठ्ठ्यांचे महत्त्व फार. दगड कोणत्या गावचा, कोणत्या ओढ्याच्या कोणत्या काठाचा, कोणत्या थरातला आणि कोणत्या तारखेस उचलला, हे जागच्या जागी लिहिले नाही तर तो नमुना मुका होतो. पेटाऱ्यात बरोबर आणलेला परंतु चिठ्ठी हरवलेला सुंदर जीवाश्म शोभेच्या वस्तूहून अधिक काही उरत नाही.

म्हणूनच क्षेत्रकार्य एकट्याचे होत नाही. एकाने दगड फोडावयाचा तर दुसऱ्याने त्याचे चित्र घ्यावयाचे. एकाचे डोळे थरावर खिळलेले असताना दुसऱ्याने पायवाट, पाणी आणि परतीची वेळ यांवर लक्ष ठेवावयाचे. छायाचित्रणही त्या काळी आजच्यासारखे सोपे नव्हते. दगडातील पानाचा ठसा उठून दिसावा यासाठी प्रकाश कोणत्या अंगाने यावा याचा अंदाज घ्यावा लागे, आणि चूक झाली की ती घरी परतून चित्र धुतल्यावरच कळे. रेखाटनाचे काम याहून जोखमीचे, कारण रेखाटणाऱ्याला काय पाहावयाचे हे आधी समजलेले असावे लागते. ज्याला शिरा आणि तडा यांतील भेद कळत नाही त्याने काढलेले पान शास्त्राच्या कामी येत नाही.

भूशास्त्राच्या इतिहासात अशा सहचारिणी इतरत्रही आढळतात. इंग्लंडमध्ये विल्यम बकलंड यांच्या जीवाश्मांची चित्रे त्यांच्या पत्नी मेरी काढीत. चार्ल्स लायेल यांचा विवाह १८३२ मध्ये मेरी हॉर्नर यांच्याशी झाला. विवाहानंतरचा त्यांचा पहिला प्रवासही जर्मनी आणि स्वित्झर्लंडचे खडक पाहण्यासाठी होता. लायेल यांची दृष्टी अधू होती, त्यामुळे मेरी त्यांना वाचून दाखवीत. स्वतः शंख-शिंपल्यांच्या उत्तम जाणकार असलेल्या या बाई पतीच्या ग्रंथांत प्रत्येक पानावर आहेत आणि मुखपृष्ठावर कोठेच नाहीत. सावित्रीबाईंचेही तसेच झाले. साहनींच्या शोधनिबंधांवर लेखक म्हणून त्यांचे नाव नाही. मग इतिहासाने त्यांची दखल कोणत्या आधारावर घ्यावी? आधार आहे, आणि तो भक्कम आहे. परंतु त्याआधी साहनींच्या कामाकडे वळावे लागेल.

साहनींनी राजमहाल टेकड्यांतील वनस्पतींचा अभ्यास केला. त्यांतील एका झाडाचे, विल्यमसोनियाचे, समग्र रूप त्यांनी १९३२ मध्ये जुळवून दाखविले. १९३६ मध्ये ते रोहतकजवळच्या खोकरा कोट येथे गेले असता, प्राचीन नाणी ओतण्याचे मातीचे साचे त्यांच्या नजरेस पडले. त्यांवर त्यांनी १९४५ मध्ये जो ग्रंथ लिहिला तो नाणकशास्त्राच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतो. त्याच १९३६ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे छिंदवाडा जिल्ह्यातील आंतरट्रॅपी वनस्पतींचे.

छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँ आणि मराठी बोलली जाणारा सौंसर हा परिसर, ही दोन नावे जगभरच्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. सौंसर आज पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. मोहगावच्या दगडांत के. पी. रोडे यांना निपा ताडाच्या जातीचे फळ सापडले. साहनी आणि रोडे यांनी १९३७ मध्ये मोहगावच्या वनस्पतींवर एकत्र निबंध लिहिला. सौंसरच्या गारेत साहनी आणि एच. एस. राव यांना अझोला ही पाण्यावर तरंगणारी इवलीशी वनस्पती मिळाली. आज आपले शेतकरी अझोला भाताच्या खाचरात सोडतात, गुरांना खाऊ घालतात. तिचीच एक पूर्वज तेथील तळ्यावर तरंगत होती! मोहगावच्याच एका चमत्कारिक फळाला साहनींनी एनिग्मोकार्पन पारिजाय असे नाव दिले. एनिग्मोकार्पन म्हणजे कोड्यात टाकणारे फळ. पुढे १९४४ मध्ये नागपूरचे व्ही. बी. शुक्ल यांनी तेथील एका अश्मीभूत फुलाचे वर्णन केले आणि साहनींच्या गौरवार्थ त्याचे नाव साहनीअँथस ठेवले. फळाचे नाव एकाने ठेवले, फुलाचे दुसऱ्याने. नंतरच्या अभ्यासकांनी असे मांडले की, हे फूल आणि हे फळ एकाच झाडाचे आहे.

या वनस्पतींच्या आधारे साहनींनी एक मोठा वाद ओढवून घेतला. डेक्कन ट्रॅपचा काळ कोणता? डायनासोरांच्या युगाचा, म्हणजे क्रिटेशस, की त्यानंतरच्या तृतीयक युगाचा? सर्वेक्षणातील अनेक जाणत्यांचा कल क्रिटेशसकडे होता. साहनींनी १९३४ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकातून हा प्रश्न उघडपणे उपस्थित केला. ताडाची खोडे, निपाचे फळ आणि अझोला यांच्या साक्षीने हे थर तृतीयक युगाच्या आरंभीचे, इओसीन काळातील आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९४० मध्ये मद्रास येथे भारतीय विज्ञान परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी हाच विषय निवडला. अध्यक्षीय भाषणात जुळवून घेणारे, सर्वांना रुचणारे बोलावे हा शिष्टाचार. साहनींनी तेथेही आपला पक्ष पुराव्यानिशी मांडला.

त्यांचा निष्कर्ष बरोबर ठरला का? विद्यार्थी मित्रांनी हे नीट ऐकावे. आता किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मापनाने लाव्ह्याचे वय काढता येते. ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे येते, म्हणजे लाव्ह्याचे हे थर क्रिटेशस आणि तृतीयक यांच्या अगदी उंबरठ्यावर पसरले. काही आंतरट्रॅपी थर डायनासोर असतानाचे आहेत, तर काही ते नाहीसे झाल्यानंतरचे. इओसीन हा साहनींचा अंदाज याहून बराच अलीकडचा होता. तेवढ्यापुरते ते चुकले. परंतु निपा ताड खाडीच्या काठी वाढतो, आजही तो सुंदरबनात आढळतो. तेव्हा मध्य भारतात कधी काळी समुद्राचे पाणी जवळ आले असले पाहिजे, असा या फळाचा इशारा होता. २००९ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातीलच झिलमिली येथील थरांत तृतीयक युगाच्या अगदी आरंभीचे समुद्री सूक्ष्मजीव आढळल्याचे प्रसिद्ध झाले. समुद्राचा एक फाटा मध्य भारतापर्यंत पोहोचला होता, असे त्या संशोधकांचे प्रतिपादन आहे. एका फळाने दिलेली साक्ष सत्तर वर्षांनंतर अशी पुष्ट झाली. शास्त्रात चुकणे हा दोष नाही. आपला पुरावा असा जपून ठेवणे की, पुढच्या पिढीला तो पुन्हा तपासता येईल आणि आपली चूकही त्यातूनच दाखविता येईल, हे शास्त्रज्ञाचे कर्तव्य आहे. आणि पुरावा जपावयाचा तर घर हवे, कपाटे हवीत, माणसे हवीत. येथूनच सावित्रीबाईंच्या इतिहासाचा उत्तरार्ध सुरू होतो.

वर्षानुवर्षांच्या फिरस्तीतून साहनींजवळ जीवाश्मांचा आणि ग्रंथांचा मोठा संग्रह जमला होता. प्राध्यापकाच्या निवृत्तीनंतर अशा संग्रहाचे काय होते ते आपण जाणतो. पेटारे वऱ्हांड्यात जातात, वऱ्हांड्यातून अंगणात, आणि चिठ्ठ्या वाळवीच्या मुखी पडतात. हे टाळण्यासाठी ३ जून १९४६ रोजी पुरावनस्पतिशास्त्राच्या संशोधनार्थ एक विश्वस्त निधी स्थापन झाला. त्याचे बीज भांडवल म्हणजे साहनी पतिपत्नींनी अर्पण केलेला खाजगी पैसा, स्थावर मालमत्ता, ग्रंथालय आणि जीवाश्मसंग्रह. ज्या नावाला शोधनिबंधांत जागा मिळाली नव्हती, ते सावित्रीबाईंचे नाव या दानात पतीच्या नावाशेजारी आहे. मघाशी मी ज्या भक्कम आधाराविषयी बोललो, तो हा. घर, पैसा आणि आयुष्यभर गोळा केलेले दगड देऊन टाकण्यास पत्नीने संमती देणे म्हणजे काय, हे संसारी माणसाला निराळे सांगावयास नको.

१० सप्टेंबर १९४६ रोजी संस्था स्थापन झाली. आरंभी तिचे काम विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातच चाले. पुढे संयुक्त प्रांताच्या सरकारने बंगला व जमीन दिली. साहनींनी कोनशिला स्वतः तयार केली. निरनिराळ्या काळांतील आणि निरनिराळ्या देशांतील जीवाश्म एका चौथऱ्यात बसवून केलेली तशी कोनशिला विरळाच. परंतु अमेरिकेच्या व्याख्यानदौऱ्याहून १९४८ मध्ये परतल्यापासून त्यांची प्रकृती ढासळली होती. अल्मोड्याला जाऊन विश्रांती घ्या, असा सल्ला मिळाला. कामाचा भार पाहता त्यांनी तो मानला नाही. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि अवघ्या एका आठवड्यात, १० एप्रिल १९४९ रोजी, हृदयविकाराने साहनींचे निधन झाले. अंतकाळी त्यांनी पत्नीस संस्था जपण्यास सांगितले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे.

त्या दिवशी संस्थेजवळ काय होते? एक कोनशिला, एक नियोजित इमारत, काही तरुण संशोधक, दगडांचे पेटारे, आणि एक विधवा. त्या काळच्या समाजात विधवेने काय करावे याविषयी फारशी मतभिन्नता नव्हती. वटसावित्रीच्या कथेतील सावित्रीने यमाकडून पतीचे प्राण परत आणले. या सावित्रीला ते शक्य नव्हते. तिने पतीचे व्रत परत आणले. संस्थेच्या अध्यक्षपदाची धुरा सावित्रीबाईंनी स्वीकारली आणि ती १९६९ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, वाहिली.

शास्त्रीय मार्गदर्शनासाठी जाणती माणसे हवी होती. इंग्लंडातील रेडिंगचे प्राध्यापक टॉम हॅरिस १९४९ च्या अखेरीस सल्लागार म्हणून आले. १९५१ ते १९५३ या काळात नॉर्वेचे होएग यांनी संचालकपद सांभाळले. दरम्यान इमारत उभी राहिली आणि २ जानेवारी १९५३ रोजी नेहरूंनीच तिचे उद्घाटन केले. नंतरच्या काळात के. आर. सुरंगे हे संस्थेचे संचालक झाले. १९६९ मध्ये सावित्रीबाईंना पद्मश्री देण्यात आली. शासनाने हा सन्मान विज्ञानाच्या क्षेत्रात दिला, हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. १९८५ मध्ये त्या निवर्तल्या. साहनींची समाधी संस्थेच्या आवारातच आहे. २०१५ मध्ये संस्थेचे नाव बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थान असे झाले. लखनौमध्ये दोघांच्या जोडनावाचे एक प्रतिष्ठानही आहे.

संस्था टिकली त्याचे फळ आपल्या राज्याच्याही पदरात पडले आहे. दिंडोरी जिल्ह्यातील घुघवा येथे अश्मीभूत वनाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९८३ मध्ये स्थापन झाले. या भागातील अश्मीभूत झाडांकडे लक्ष वेधणारे धर्मेंद्र प्रसाद हे मंडला जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी होते. भूशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हता. त्या झाडांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांमध्ये लखनौच्या याच संस्थेचे एम. बी. बांदे अग्रणी होते. जिल्ह्याच्या एका अधिकाऱ्याने रानात ओळखलेला दगड तपासण्यासाठी जाणते माणूस आणि तुलनेसाठी जुने नमुने उपलब्ध असावेत, याचसाठी त्या पतिपत्नींनी १९४६ मध्ये आपले सर्वस्व दिले होते. घुघव्याच्या ताडांची ओळख पटली ती त्या दानाच्या बळावर, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. माणूस गेल्यावर त्याची स्मृती राहते म्हणजे काय राहते? साहनींच्या बाबतीत त्यांचे काम राहिले, आणि ते राहिले याचे श्रेय सावित्रीबाईंचे. सर्वस्व देताना त्यांनी पतीला साथ दिली आणि पती गेल्यानंतर वीस वर्षे त्या दानाचा सांभाळ केला. एवीतेवी इतिहास लिहिताना आपण शोध कोणी लावला हे विचारतो. शोध कोणी टिकविला हे विचारावयाचे राहून जाते. मोहगावच्या त्या फुलाचे आणि फळाचे उदाहरण येथे पुन्हा आठवते. ती वेगवेगळी सापडली, वेगवेगळ्या नावांनी नोंदली गेली. झाड मात्र एकच होते.

विद्यार्थी मित्रहो, सुटीत आजोळी जाल, छिंदवाड्याकडे किंवा विदर्भात, तेव्हा बांधावरची गार एकदा हातात घेऊन उन्हात धरून पाहा. त्यात वर्तुळे दिसली, धाग्यांसारखी रचना दिसली, तर दगड फोडण्याची घाई करू नका. आधी चिठ्ठी लिहा: गाव कोणते, शेत कोणाचे, तारीख कोणती. मग आपल्या शिक्षकांना दाखवा. आणि तो दगड उचलताना तुमच्या शेजारी जो कोणी उभा असेल, मित्र असो, बहीण असो, बैलगाडी हाकणारे काका असोत, त्याचेही नाव त्याच चिठ्ठीवर लिहा. ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांना याहून योग्य आदरांजली मला तरी सुचत नाही.